१९४१चा हंगाम : टेडचे ०.४०६ मोठे की जोचे सलग ५६?

सातारी_बोस्टनकर
नमस्कार मंडळी. क्रीडा विभागात चक्क बेसबॉलचा धागा काढतोय, विटा-दगड जरा बेतानं.

निमित्त बाबांचं. तीन महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेत. संग्रहालयं झाली, व्हेल बघून झाले, म्हणून मागच्या रविवारी फेनवे पार्कला नेलं. खेळ त्यांना फार रुचला नाही ("ही मंडळी पळणार कधी?"), पण उजव्या बाजूला हजारो हिरव्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची आहे, ती त्यांनी बसल्या बसल्या हेरली. बँकेत आयुष्य गेलंय, न जुळणारी नोंद लगेच दिसते. त्यांना सांगितलं, की ९ जून १९४६ला टेड विल्यम्सनं मारलेला चेंडू ५०२ फूट जाऊन तिथे पडला होता. "बरं, पण हा विल्यम्स कोण?" तिथून जी गाडी सुटली ती १९४१ला जाऊन थांबली.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये दोन अचाट गोष्टी झाल्या. न्यूयॉर्क यँकीजचा जो डिमॅजिओ १५ मे ते १६ जुलै सलग ५६ सामन्यांत निदान एकेक तरी हिट (फटका मारून बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, सुखरूप पोचणं) मारत राहिला. आणि बोस्टन रेड सॉक्सच्या टेडनं अख्ख्या हंगामाची सरासरी ०.४०६ राखली. ४५६ अ‍ॅट-बॅटमध्ये (बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या खेपा) १८५ हिट्स. त्याआधी ०.४००च्या वर गेला होता न्यूयॉर्क जायंट्सचा बिल टेरी, १९३०मध्ये ०.४०१. टेडनंतर अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये कुणीही नाही.

तरी त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला डिमॅजिओ. २९१ गुण विरुद्ध २५४. माझ्या मते सरळसरळ अन्याय. तुमचं काय?

उगाचच
पहिला! आता धागा वाचतो.

अनुजा_नवी
बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून बाळबोध प्रश्न. ०.४०६ म्हणजे दहातल्या सहा वेळा तो आउटच झाला ना? आणि तो महान? आमच्या गल्लीत अशाला शेवटून दुसरा पाठवायचे.

विदाखोर
@अनुजा, प्रश्न बाळबोध नाही. गोल बॅटनं गोल चेंडू मारायचा, तोही समोरच्या ९० अंशांच्या पाचरीतच, आणि मारल्यावर नऊ जण झेलायला-अडवायला टपलेले. त्यामुळे दहात तीन हिट्स म्हणजे उत्तम बॅटर. दहात चार म्हणजे नवलच.

दुसरं असं, की पिचरनं चार वाइड चेंडू टाकले तर बॅटर चालत पहिल्या बेसवर जातो. त्याला वॉक म्हणतात आणि तो सरासरीत धरतच नाहीत. टेडला त्या वर्षी १४७ वॉक मिळाले आणि स्ट्राइकआउट (तीनदा चुकून बाद) झाला फक्त २७ वेळा. होम रन (चेंडू मैदानाबाहेर, चारही बेस पार) ३७. हिट म्हणा वॉक म्हणा, निम्म्याहून जास्त वेळा हा माणूस बेसवर पोचत होता. म्हणजे गल्लीच्या भाषेत, दहातल्या साडेपाच वेळा नाबाद.

एडिसनची_कमल
आले बोस्टनवाले रडगाणं घेऊन. ८० वर्षं उलटून गेली, तुमचं आपलं चालूच.

मी यँकीजची. लग्न होऊन न्यू जर्सीत आले तेव्हा नवऱ्यानं दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, गॅरेजचा कोड आणि घरात रेड सॉक्सचं नाव काढायचं नाही. त्यामुळे तटस्थपणाची अपेक्षा नको.

सरासरी ही वर्षभराची गोष्ट. आज शून्य, उद्या चार, चालून जातं. सलग हिट्सच्या मालिकेत उद्या नसतो. एका दिवशी पोट बिघडलं, एका दिवशी पिचर फॉर्मात असला, की खलास. जोनं हे दोन महिने रोज केलं. पुढे पुढे सगळ्या देशाचं लक्ष लागलं होतं, रोज पेपरात आणि रेडिओवर एकच प्रश्न, आज जोला हिट मिळाली का? त्यात २ जूनला लू गेरिग वारला, यँकीजचा आधीचा दैवत-खेळाडू. २९ जूनला वॉशिंग्टनमध्ये डबलहेडर होता, एका दिवसात दोन सामने. पहिल्यात जोनं जॉर्ज सिस्लरच्या ४१ सामन्यांच्या मालिकेशी बरोबरी केली आणि मधल्या वेळात कुणीतरी त्याची बॅटच पळवली! टॉमी हेन्रिककडून उसनी बॅट घेतली आणि दुसऱ्या सामन्यात ४२वा टप्पा गाठला.

२ जुलैला त्यानं विली कीलरचा १८९७चा ४४चा विक्रम मोडला, तो होम रन मारून आणि बोस्टनविरुद्धच. चेंडू लेफ्ट फील्डला कुणाच्या डोक्यावरून गेला ते सांगू का बोस्टनकर? तुमच्या टेडच्या.

उगाचच
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सरकून घ्या.

सातारी_बोस्टनकर
कमलताई, डोक्यावरून गेला हे कबूल. आता तुम्ही हे कबूल करा. ज्या काळात जोची मालिका चालली त्या काळात जोची सरासरी होती ०.४०८. त्याच तारखांत टेडची ०.४१२. म्हणजे जो आयुष्यातला सर्वांत झळाळता काळ जगत होता तेव्हाही लीगमधला सर्वांत चांगला हिटर दुसराच कुणीतरी होता. बसा.

आणि टेड जोवर जळत होता वगैरे काही नाही हं. जोचा धाकटा भाऊ डॉम रेड सॉक्सचा सेंटर फील्डर, टेडच्या शेजारी उभा असायचा. फेनवेला डाव्या भिंतीच्या पोटातच स्कोअरबोर्ड आहे. तिथल्या माणसाकडून टेडला खबर लागायची आणि तो ओरडून डॉमला सांगायचा, तुझ्या भावाला आज मिळाली रे हिट!

गुगली
दोघांचीही हरकत नसेल तर एक क्रिकेटवाला म्हणून बोलतो. हे सगळं ऐकून ब्रॅडमनची आठवण न येणारा माणूस विरळा. १९४८, ओव्हल, शेवटचा डाव, १०० सरासरीला फक्त ४ धावा हव्यात आणि हॉलीजनं शून्यावर दांडी उडवली. ९९.९४. त्याला कुणी म्हणालं नाही की राउंड करून १०० लिहू.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. ४४३ नाबाद. ब्रॅडमनच्या ४५२ला ९ धावा कमी आणि समोरच्या संघानं सामनाच सोडून दिला. मारायला चेंडूच उरला नाही. माझे आजोबा ही गोष्ट सांगताना काठियावाडच्या कप्तानाला जे शब्द वापरायचे ते इथे लिहिले तर संपादक धागा उडवतील.

पेठेतला_प्रभू
+१ निंबाळकर. हा विषय निघाला की आमच्याकडे आजही चहा गार होतो.

विदाखोर
थोडा हिशोब केला. डिमॅजिओची त्या हंगामाची सरासरी ०.३५७ आणि सामन्याला साधारण ४ अ‍ॅट-बॅट. एका सामन्यात निदान एक हिट मिळण्याची शक्यता येते ८३ टक्के. सलग ५६ वेळा तसं होण्याची शक्यता? साधारण ३६ हजारांत एक. हे एका ठरावीक दिवसापासून मोजलं तर.

आता मालिकेतलीच सरासरी घ्या, २२३ अ‍ॅट-बॅटमध्ये ९१ हिट्स, ०.४०८. मग शक्यता दीड हजारांत एकच्या आसपास जाते.

म्हणून मी जोच्या बाजूनं. ०.४००च्या जवळपास नंतर बरेच जण गेले. ५६च्या जवळपास कोण गेलं? पीट रोझ, १९७८, ४४ सामने. म्हणजे अजून १२ सामने बाकी.

पेठेतला_प्रभू
@विदाखोर, दुसरा हिशोब चक्राकार आहे. मालिका चालली म्हणूनच त्या दिवसांची सरासरी वर गेली, आणि तीच सरासरी घेऊन तुम्ही मालिका किती शक्य ते काढताय. पहिलाही अर्धवट. मालिका १५ मेलाच सुरू व्हायला हवी असं कुठं होतं? २० मेला झाली असती तरी आपण आज इथेच भांडलो असतो.

विदाखोर
मान्य. दुसरा हिशोब मागे घेतो. पहिला राहू द्या, "ठरावीक दिवसापासून" हे शब्द मी लिहिले होते.

पेठेतला_प्रभू
पाहिले होते. तरीही बोललो. पेठ.

इतिहासवेडा
गुगलींनी निंबाळकरांचं काढलंत ते बरं झालं, कारण १९४१च्या शेवटच्या दिवशी फिलाडेल्फियात बरोबर उलटं घडलं. जरा सविस्तर लिहितो, मुळात मला या सगळ्यात तोच दिवस आवडतो.

२७ सप्टेंबर, शनिवार. टेडनं ४ अ‍ॅट-बॅटमध्ये एकच हिट मारली, त्यामुळे सरासरी ०.४००च्या खाली घसरली. १७९ भागिले ४४८, म्हणजे ०.३९९५५. रविवारी हंगामाचा शेवटचा डबलहेडर. आकडे तीन दशांश स्थळांपर्यंत लिहायची रीत, म्हणजे न खेळता घरी बसला असता तरी पुस्तकात ०.४०० असंच छापलं गेलं असतं. मॅनेजर जो क्रोनिननं त्याला तसं विचारलं, बसतोस का? टेड म्हणाला, खेळणार. ती रात्र तो क्लबहाउस सांभाळणाऱ्या जॉनी ऑर्लँडोबरोबर फिलाडेल्फियाचे रस्ते तुडवत राहिला.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा बॅटिंगला आला तेव्हा समोरच्या संघाचा कॅचर फ्रँकी हेज त्याला म्हणाला, मिस्टर मॅकनी आम्हाला बजावलंय, की तुला सहज काही द्यायचं नाही, पण पिच मात्र नीट करायचे. कॉनी मॅक म्हणजे अ‍ॅथलेटिक्सचे वयोवृद्ध मॅनेजर, सूट घालून डगआउटमध्ये बसणारे. वॉकवर वॉक देऊन त्यांनी टेडला सडवलं असतं तर नियमात बसलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. अंपायर बिल मॅकगोवननंही होम प्लेट झटकता झटकता त्याला अंग सैल सोडायला सांगितलं.

पहिल्या सामन्यात ५ पैकी ४. दुसऱ्यात ३ पैकी २, त्यातला एक फटका थेट उजव्या बाजूच्या भिंतीवरच्या कर्ण्यावर आदळला. एकूण ८ पैकी ६. १८५ भागिले ४५६. वय अवघं २३.

काठियावाडच्या जागी कॉनी मॅक असते तर, इतकंच म्हणतो.

गुगली
दंडवत. हे माहीत नव्हतं.

एडिसनची_कमल
गोष्ट छान आहे, नाही म्हणत नाही.

अनुजा_नवी
पण न खेळता विक्रम राखायचा मोह कुणालाच झाला नाही का त्या खेळात? सगळेच इतके सज्जन?

इतिहासवेडा
छे हो. १९१०ची गोष्ट ऐका. चामर्स नावाच्या मोटार कंपनीनं जाहीर केलं, ज्याची बॅटिंग सरासरी सर्वांत जास्त त्याला नवी गाडी. टाय कॉब आघाडीवर होता, त्यानं शेवटचे सामने न खेळता बाहेर बसणं पसंत केलं. कॉब हा अत्यंत नावडता माणूस. नॅप लाजोई मागून येत होता आणि सर्वांचा लाडका. शेवटच्या दिवशी सेंट लुईसच्या मॅनेजरनं आपल्या नवख्या थर्ड बेसमनला पार मागे उभं केलं आणि लाजोई आरामात बंट (बॅट नुसती आडवी धरून चेंडू हळूच ढकलणं) करत राहिला. एका दिवसात ८ हिट्स, बहुतेक सगळे बंट. बोभाटा झाला, त्या मॅनेजरची नोकरी गेली, आणि मोटार कंपनीनं शेवटी दोघांनाही गाडी देऊन विषय मिटवला.

उगाचच
म्हणजे आपल्याकडची दहीहंडी. बक्षीस वाटून घ्या, पण घरी जा.

विदाखोर
२८ सप्टेंबरच्या गोष्टीत एक गणिती खोच आहे. दुसऱ्या सामन्यात खेळण्याबद्दल टेडचं खूप कौतुक होतं, पण तो धोका खरं तर फारसा नव्हता. पहिला सामना संपला तेव्हा तो १८३/४५३ वर होता, ०.४०४. दुसऱ्यात ३ पैकी शून्य केलं असतं तरी ०.४०१. ४ पैकी शून्य, तरी ०.४००४. ५ पैकी शून्य केलं असतं तर कुठे ०.३९९५६, आणि तेही राउंड होऊन ०.४००च!

खरा जुगार पहिल्या सामन्याचा. तिथे ५ पैकी एकच हिट मिळाली असती तर १८०/४५३, ०.३९७, आणि मग दुसऱ्या सामन्यात घाम फुटला असता.

सातारी_बोस्टनकर
@विदाखोर, हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "या माणसाला आमच्या ऑडिटला पाठवायला हवं होतं."

मूळ राउंडिंगवर मात्र त्यांचा ठाम आक्षेप आहे. "०.३९९५५चं ०.४०० करून पुस्तक बंद करायचं? अरे, सहा पैशांचा फरक निघाला म्हणून आम्ही रात्री साडेदहापर्यंत बसलोय." टेडचा निर्णय त्यांना अजिबात धाडसाचा वाटला नाही. त्यांच्या मते त्याला दुसरा पर्यायच नव्हता.

सॅनडिएगोचा_सदू
उशिरा आलो. टेड आमच्या सॅन डिएगोचा बरं का, जन्मानं. आई मेक्सिकन वंशाची, साल्व्हेशन आर्मीचं काम करत गावभर फिरायची. बोस्टनवाल्यांनी नंतर दत्तक घेतला.

आणि त्या ०.४००च्या अगदी जवळ नंतर गेलेला माणूसही आमचाच. टोनी ग्विन, पाड्रेस, १९९४, ०.३९४. ऑगस्टच्या मध्यात संप झाला आणि हंगामच बंद पडला. त्याच्याआधी कॅन्सस सिटीचा जॉर्ज ब्रेट, १९८०, ०.३९०. रॉड कॅरू १९७७मध्ये ०.३८८. आणि गंमत म्हणजे खुद्द टेडनं १९५७मध्ये, चाळिशीला टेकलेला असताना, ०.३८८ केले होते.

हल्ली कुणी का पोचत नाही? माझं मत सांगतो. तेव्हा अमेरिकन लीगमध्ये ८ संघ. प्रत्येक संघाशी हंगामात २२ सामने. तेच ते पिचर पुन्हा पुन्हा. दमलेला पिचर नवव्या डावापर्यंत टाकत राहायचा. रात्रीचे सामने मोजके. सगळ्यांत पश्चिमेकडचं शहर सेंट लुईस, प्रवास आगगाडीनं. आता सातव्या डावात नवाकोरा भिडू येतो, तोफेसारखे तीन चेंडू टाकतो आणि जातो.

विदाखोर
याला एक प्रतिवाद आहे. एका अमेरिकन जीवशास्त्रज्ञानं मांडलेला मुद्दा असा, की हिटर खालावले नाहीत, उलट एकूणच खेळ सुधारला. सगळ्यांचा दर्जा वर गेला की टोकाचे आकडे आकसतात, वरचेही आणि खालचेही. म्हणजे ०.४०० नाहीसं होणं हे खेळ खालावल्याचं लक्षणच नव्हे. दहावीच्या गुणांशी तुलना करणार होतो, पण तिथे नेमकं उलटं झालंय.

पेठेतला_प्रभू
धागा दहावीवर गेला. आता संपला.

इतिहासवेडा
जाऊ नका, एक महत्त्वाचं राहिलंय. "टेडनंतर कुणी नाही" हे वाक्य मूळ लेखकानं जपून लिहिलंय हे लक्षात आलं, पण त्यामागची गोष्ट सांगायला हवी. १९४१च्या मेजर लीगमध्ये (अमेरिकन आणि नॅशनल मिळून) एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. होऊच देत नव्हते. जॅकी रॉबिन्सन आला एप्रिल १९४७मध्ये. तोपर्यंत त्यांच्या वेगळ्या नीग्रो लीग्ज. त्यांतला सर्वांत जबरदस्त हिटर जॉश गिब्सन १९४१मध्ये चक्क मेक्सिकोत, व्हेराक्रूझकडून खेळत होता. २०२४मध्ये मेजर लीगनं नीग्रो लीग्जचे १९२० ते १९४८चे आकडे आपल्या अधिकृत नोंदींत घेतले आणि एका हंगामाची सर्वोच्च सरासरी आता गिब्सनच्या नावावर आहे, १९४३ची ०.४६६. कारकिर्दीच्या यादीतही ०.३७२ घेऊन तो टाय कॉबच्या वर गेला.

टेडबद्दल आदर वाढावा अशी गोष्ट म्हणजे १९६६मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतला गेला तेव्हा त्यानंच भाषणात सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावं घेऊन म्हटलं, की तेही इथे यायला हवेत. कुणी विचारलं नव्हतं त्याला.

एडिसनची_कमल
@इतिहासवेडा, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

आता जोकडे परत येते, कारण शेवट कुणी सांगितलाच नाही. १७ जुलै, क्लीव्हलँड, रात्रीचा सामना, ६७,४६८ प्रेक्षक. थर्ड बेसवर केन केल्टनर, लाइनला चिकटून आणि बराच मागे उभा. जोनं दोनदा त्याच्या उजव्या हाताला सणसणीत मारले, दोन्ही वेळा त्यानं बॅकहँडनं उचलून पहिल्या बेसवर फेकले. मधे एक वॉक. आठव्या डावात बेसेस भरलेले असताना जोचा फटका शॉर्टस्टॉपकडे गेला, वेडावाकडा उसळला, तरी बूड्रोनं पकडून डबल प्ले (एका चेंडूवर दोन बाद) केला. संपलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून याची पुढची मालिका सुरू. आणखी १६ सामने. म्हणजे ७३ पैकी ७२ सामन्यांत हिट! त्या वर्षी ३० होम रन मारले आणि स्ट्राइकआउट झाला केवळ १३ वेळा. १३!

पेठेतला_प्रभू
मालिकेत एखाददुसरी हिट संशयास्पद होती असं वाचलंय. १७ जूनला शिकागोविरुद्ध चेंडू वेडा उसळून शॉर्टस्टॉप ल्यूक अ‍ॅपलिंगच्या खांद्यावर आपटला आणि स्कोअररनं हिट दिली. स्कोअरर कुठला? न्यूयॉर्कचाच पत्रकार.

एडिसनची_कमल
वेडा उसळलेला चेंडू हिटच धरतात. आलात तुम्ही पण?

सॅनडिएगोचा_सदू
कमलताईंना हे आवडेल. जो आणि डॉम दोघे सॅन फ्रान्सिस्कोच्या सिसिलियन कोळ्याची मुलं. १९३३मध्ये तिथल्या सील्स संघाकडून जोनं सलग ६१ सामन्यांत हिट मारली होती, वय १८. म्हणजे ५६ ही त्याची दुसऱ्या नंबरची मालिका. आणि ज्याच्या पोराचं नाव १९४१मध्ये देशभर गाजलं, त्याच बापाला पर्ल हार्बरनंतर परकीय शत्रू-नागरिक ठरवून बंदराच्या धक्क्यावर जायलाही मनाई झाली. मासे धरूनच सगळं घर उभं केलेलं.

अनुजा_नवी
हे वाचून कसंतरी झालं.

इतिहासवेडा
त्या हंगामावर सगळीकडून युद्धाचीच सावली होती. डेट्रॉइटचा हँक ग्रीनबर्ग मे महिन्यातच सैन्यात गेला. आणि मला ज्याची सर्वांत जास्त हळहळ वाटते तो सेसिल ट्रॅव्हिस. सांगा बरं, १९४१मध्ये सरासरीत टेडच्या मागे कोण होतं? सगळे म्हणतात जो. नाही. वॉशिंग्टनचा ट्रॅव्हिस, ०.३५९. आणि २१८ हिट्स, त्या वर्षी दोन्ही लीगमध्ये सर्वांत जास्त. पुढे सैन्यात गेला, १९४४च्या हिवाळ्यात युरोपात बल्जच्या लढाईत पाय बर्फानं गारठून निकामी होता होता वाचले. परतल्यावर पूर्वीचा ट्रॅव्हिस कधी दिसलाच नाही. टेड-जोच्या भांडणात त्याचं नावही कुणी घेत नाही. या धाग्यातही एवढ्या उशिरानं आलं, तेही मी घेतलं म्हणून.

विदाखोर
खरंय, मीही विसरलो होतो. त्याच वर्षी क्लीव्हलँडच्या जेफ हीथनं २४ होम रन आणि २० ट्रिपल (थेट तिसऱ्या बेसपर्यंतच्या हिट्स) मारले, तोही असाच झाकोळला गेला. नॅशनल लीगमध्ये सरासरीत पहिला ब्रुकलिनचा पीट रायझर, ०.३४३. हा पुढे चेंडूमागे धावता धावता भिंतींना धडकून स्वतःची वाट लावून घेण्यासाठी प्रसिद्ध झाला.

उगाचच
रायझर माझा माणूस. मीही काल काचेच्या दाराला धडकलो.

न्यूजर्सीचा_नंदू
अवांतर. माझा मुलगा लिट्ल लीगमध्ये खेळतो. सरासरी काढायची हिंमत नाही. पहिल्या वर्षी आई भारतातून आली होती, तिनं सामना संपल्यावर कोचला विचारलं, "याला बॅट सरळ धरायला कुणी शिकवलं नाही का?" मी भाषांतर केलं नाही.

पेठेतला_प्रभू
काकूंना निवड समितीवर घ्या.

सातारी_बोस्टनकर
मूळ प्रश्नावर येऊ या का? सर्वोत्तम खेळाडू कोण? कमलताई आणि विदाखोर जोकडे, मी आणि सदू टेडकडे. बाकीचे बोलत नाहीत. टेडच्या बाजूनं अजून एक: ८ जुलैला डेट्रॉइटच्या ऑल-स्टार सामन्यात शेवटच्या डावात दोन आउट असताना त्यानं तीन धावांचा होम रन मारून ७-५नं सामना जिंकून दिला होता. आणि तिहेरी मुकुट (सरासरी, होम रन, आरबीआय तिन्हींत पहिला) चुकला तो फक्त आरबीआयमुळे, म्हणजे त्याच्या बॅटिंगवर निघालेल्या धावांमुळे. टेडचे १२०, जोचे १२५.

गुगली
क्रिकेटवाल्याचं मत चालेल? यँकीज १०१ सामने जिंकले, बोस्टन १७ सामने मागे. मतदान पत्रकारांचं आणि टेडचं बोस्टनच्या पत्रकारांशी हाडवैर. निकाल मला अनपेक्षित वाटत नाही. पण संघात एकालाच घ्यायचं असेल तर मी टेडला घेईन. साडेपाच वेळा नाबाद, हे डोक्यातून जात नाहीये.

इतिहासवेडा
माझंही मत टेडला, पण वेगळ्या कारणासाठी. २८ सप्टेंबर ही तारीख लक्षात ठेवा. १९४१मध्ये याच तारखेला तो फिलाडेल्फियात ८ पैकी ६ मारत होता. बरोबर १९ वर्षांनी, २८ सप्टेंबर १९६०ला, फेनवेवर तो कारकिर्दीतल्या शेवटच्या अ‍ॅट-बॅटला उभा राहिला आणि होम रन मारला, ५२१वा. लोक टाळ्या वाजवत राहिले, पण टोपी काढून अभिवादन करायला तो काही बाहेर आला नाही. मधली जवळजवळ पाच वर्षं दुसरं महायुद्ध आणि कोरियात गेली, वैमानिक म्हणून.

एडिसनची_कमल
टोपी काढायला काय झालं होतं पण.

सातारी_बोस्टनकर
बाबांचा निकाल आलाय. तीन दिवस विचार करत होते, आज नाश्त्याला जाहीर केला.

म्हणाले, "तुझा टेड म्हणजे मुदत ठेव. वर्षाअखेर आकडा बघायचा, भरघोस. हा जो म्हणजे पिग्मी. रोज दारात जायचं, रोज पावती फाडायची, ऊन असो पाऊस असो. माझ्या ३४ वर्षांच्या नोकरीत मुदत ठेवी हजारोंनी पाहिल्या. न चुकता रोज पिग्मी भरणारा एकच पाहिला, पोवई नाक्यावरचा पानवाला."

म्हणजे बाबा गेले जोकडे. घरातच फितुरी.

एडिसनची_कमल
बाबांना एडिसनला पाठवा! राहायची-खायची सोय माझ्याकडे. पुरणपोळी करते.

विदाखोर
पानवाल्याची मालिका किती दिवसांची? विदा मिळेल का?

सातारी_बोस्टनकर
विचारलं. बाबा म्हणाले, "मुलीच्या लग्नादिवशी खंड पडला. दुसऱ्या दिवशी येऊन दोन दिवसांचे भरले."

विदाखोर
असं चालत नाही. मालिका तुटली.

उगाचच
केल्टनर जावई झाला म्हणायचा.

पेठेतला_प्रभू
आता कुणीतरी १९४७चा धागा काढा. टेडला तिहेरी मुकुट आणि तरी जो एका गुणानं पुढे, २०२ विरुद्ध २०१. कमलताई तयारच असतील.

सातारी_बोस्टनकर
काढतो. आधी बाबांना रेड सॉक्सची टोपी घ्यायची आहे, त्यांना यँकीजची हवीये आणि बोस्टनच्या दुकानात ती मागायला ते मलाच पाठवतायत.